वसुलीच्या दरखास्तीसाठी ऋणकोची मिळकत सरकारी दप्तरांतून कशी शोधावी

ठाणे किंवा बेलापूरच्या न्यायालयातून पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा मिळवून दरखास्त, म्हणजे तो हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करायला गेलेल्या माणसाला वकील पहिला प्रश्न विचारतो, तो जप्त काय करायचे हा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 13 प्रमाणे स्थावर मिळकत ओळखता येईल असे वर्णन, म्हणजे चतुःसीमा किंवा भूमापन क्रमांक, आणि त्या मिळकतीत ऋणकोचा, म्हणजे पैसे देणे असलेल्या माणसाचा, हिस्सा किती, हे अर्जदारालाच लिहून द्यावे लागते. ‘त्याचे घोडबंदर रोडला दोन फ्लॅट आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे’ एवढ्यावर जप्तीचे वॉरंट निघत नाही.

शोधाला बसण्यापूर्वी ध्यानात घ्यावे की महसूल आणि नोंदणी खात्यांची दप्तरे मुख्यतः जमिनीच्या क्रमाने लावलेली असतात. नाव टाकले आणि राज्यभरातील मालमत्तेची यादी समोर आली, अशी सोय कुठेही नाही. तशी यादी काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत. आपल्याला नावावरून आधी गाव आणि मग क्रमांक गाठायचा असतो. त्यासाठी ऋणकोचे जेवढे पत्ते जुन्या करारांत, पत्रव्यवहारात आणि समन्सवर सापडतील तेवढे एका कागदावर उतरवून घ्यावेत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेतला तर त्याच माणसावर आणखी कोणी दावा लावला आहे का हे कळते, आणि तेथील आदेशांत कधीकधी मिळकतीचे वर्णन आयतेच मिळते.

पत्त्यावरून महसुली गाव ठरवताना बरेच जण फसतात. घोडबंदर रोडवरच्या इमारती माजिवडे, कोलशेत, कावेसर, ओवळे अशा निरनिराळ्या गावांत मोडतात. घोडबंदर नावाचे जे गाव आहे, ते पार मीरा-भाईंदरच्या हद्दीत आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो, पण खारघर, कामोठे आणि कळंबोली ही पनवेल तालुक्यातील, म्हणजे रायगड जिल्ह्यातील गावे आहेत. खारघरच्या एका फ्लॅटसाठी मी ‘ठाणे’ जिल्हा निवडून अख्खी दुपार घालवली होती, आणि संगणकात दोष आहे अशी माझी खात्रीच झाली होती.

शेतजमिनीचा शोध त्या मानाने सोपा आहे. महाभूलेख या सरकारी जमीन-दप्तराच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडल्यावर गट क्रमांकाने तसेच पहिले नाव, मधले नाव किंवा आडनाव टाकून सातबारा पाहता येतो, आणि खाते क्रमांक मिळाला की आठ-अ काढून त्या गावातील त्या खात्याची सगळी जमीन एकत्र दिसते. मात्र आठ-अ एकाच गावापुरता असतो, त्यामुळे संशय असलेले प्रत्येक गाव वेगळे तपासावे लागते. सातबारा वाचताना नुसते नाव पाहून हरखून जाऊ नये. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिले असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला आहे आणि जमीन त्याच्या एकट्याची नाही. कंस केलेले नाव म्हणजे तो हक्क फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, निघून गेला आहे. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढवलेला असतो, आणि बोजा मोठा असेल तर जप्ती करूनही हाती फारसे लागत नाही. ज्या फेरफार क्रमांकाने नाव लागले तो फेरफार काढला की जमीन खरेदीने आली, वारसाने आली की वाटपाने, हे उलगडते. शेतकऱ्याचे राहते घर कलम 60 प्रमाणे जप्त होत नाही, हेही याच टप्प्यावर लक्षात ठेवावे.

फ्लॅट मात्र सातबाऱ्यावर सापडत नाही. तिथे जमीनमालकाचे, विकासकाचे किंवा अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे करून देणे) झाले असल्यास सोसायटीचे नाव असते. नवी मुंबईत तर बहुतेक जमीन सिडकोची, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, असून भूखंड 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. तेथील दस्तांत सर्व्हे नंबरापेक्षा सेक्टर आणि प्लॉट क्रमांक पाहावा लागतो. साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ मालकांना दिलेल्या, भूखंडांचे भाडेपट्टे आणि त्रिपक्षीय करारही याच वर्णनाने नोंदलेले असतात.

फ्लॅटसाठी खरा आधार म्हणजे इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा मिळकतीनुसार ठेवलेला गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या मोफत ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकून तो पाहता येतो. एकाच सर्व्हे नंबरावर शेकडो फ्लॅटचे दस्त निघाले तर चिकाटीने एकेक उघडण्यावाचून गत्यंतर नसते. प्रत्येक इंडेक्स टूमध्ये विलेखाचा (दस्ताचा) प्रकार, मोबदला, बाजारभाव, ‘भू-मापन, पोटहिस्सा व घरक्रमांक’ आणि क्षेत्रफळ यांखाली दस्तऐवज करून देणाऱ्याचे व करून घेणाऱ्याचे नाव असते. ऋणको करून घेणारा असेल तर पुढच्या वर्षांतही शोधावे, कारण तोच फ्लॅट त्याने नंतर बायकोला बक्षीसपत्राने दिलेला असू शकतो, आणि दावा लागल्यानंतरची अशी तारीख वकिलाच्या फार कामाची ठरते. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 55 प्रमाणे पक्षकारांच्या नावांचा इंडेक्स वनही ठेवला जातो, आणि कलम 57 प्रमाणे शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. म्हणून संकेतस्थळावर हाती काही लागले नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर शोधाचा अर्ज करावा.

ऋणको कंपनीत संचालक असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वार्षिक विवरण आणि मालमत्तेवरील बोजे पाहता येतात. सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीत थोडे शुल्क भरून गहाणाची चौकशी होते. त्याने निवडणूक लढवली असेल तर उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात पतिपत्नी आणि अवलंबितांची मालमत्ताही दिलेली असते. एमएच 04 (ठाणे) किंवा एमएच 43 (नवी मुंबई) ची गाडी केवळ मालकाच्या नावावरून शोधता येत नाही.

बँक खाती, मुदत ठेवी आणि आयकर विवरणपत्रे सार्वजनिक नाहीत, आणि ती आडमार्गाने मिळवणे अंगाशी येते. त्यासाठी आदेश 21, नियम 41 आहे. हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवसांत फिटली नाही तर ऋणकोने आपल्या मालमत्तेचे शपथपत्र द्यावे असा आदेश न्यायालयाकडून मागता येतो, आणि तो मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज करण्यापूर्वी सातबाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीच्या प्रती आणि इंडेक्स टूच्या प्रमाणित नकला काढून ठेवाव्यात, म्हणजे शपथपत्रात न दाखवलेला फ्लॅट उलटतपासात ऋणकोपुढे ठेवता येतो.