सीसॉ: बागेतला हा इंग्रजी शब्द वापरताना या चुका टाळा

सिडकोत माझ्या घरी संध्याकाळी पाचवी-सहावीची मुलं इंग्रजी शिकायला येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर 'बागेतली एक संध्याकाळ' यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. एका मुलीच्या वहीत तिसरं वाक्य होतं: 'येस्टरडे माय ब्रदर अँड आय सॉसॉ इन द गार्डन.' लाल पेन टेकवण्याआधी मी तिला विचारलं, "हे सॉसॉ काय गं?" ती म्हणाली, "मॅडम, आज खेळलो तर सीसॉ आणि काल खेळलो तर सॉसॉ. 'सी'चं 'सॉ' होतं ना?"

पोरीने नियम स्वतः शोधून काढला होता. चुकला, पण डोकं लावून चुकला. अशी चूक नुसती खोडली तर महिन्याभरात परत येते. शब्द मुळात कुठून आला हे मुलांना सांगितलं की मग येत नाही.

'सी' म्हणजे पाहणे नव्हे

सीसॉमधल्या 'सी'चा पाहण्याशी संबंध नाही. 'सॉ' हा मात्र करवतीचा असावा असं शब्दकोशकार मानतात. मोठा ओंडका कापताना लांब करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं धरतात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सैल सोडायचं, मग दुसऱ्याने ओढायचं. त्या तालावर म्हणायच्या बोलांमधून सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला आणि पुढे वरखाली होणाऱ्या फळीला चिकटला.

आपल्याकडे गडगड, लुटूलुटू, ठाकठीक असे अभ्यस्त शब्द आहेत, तशातलाच हा. इंग्रजीत अशा जोडीत आधी 'इ', मग 'अ' किंवा 'ऑ' येतो: झिगझॅग, पिंगपाँग, डिंगडाँग, टिकटॉक. सीसॉ त्याच चालीचा. म्हणून तो अख्खा एक शब्द आहे, त्याचे तुकडे पाडून एकेकाचा भूतकाळ करता येत नाही. क्रियापद म्हणून वापरलात तर सीसॉ, सीसॉड, सीसॉइंग अशी साधी रूपं होतात. स्पेलिंगही सलग लिहावं. मध्ये आडवी रेघ देणारे आहेत, ते चालतं. दोन सुटे शब्द मात्र करू नका, कारण मग वाचणाऱ्याला 'पाहा, पाहिलं' असंच दिसतं. उच्चारात जोर पहिल्या 'सी'वर. 'शीशॉ' म्हणणारी मुलं बरीच आहेत. त्यांना दोन्हीकडे दंत्य 'स' आहे एवढं सांगितलं की पुरतं.

अमेरिकेत याच फळीला 'टीटर-टॉटर' असंही म्हणतात. कार्टूनमध्ये ते ऐकून मुलं गोंधळतात. वस्तू एकच आहे.

'प्ले सीसॉ' नाही

मराठीत आपण 'सीसॉ खेळलो' म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतही 'वी प्लेड सीसॉ' येतं. प्लेच्या पुढे थेट नाव येतं ते खेळाचं: क्रिकेट, कबड्डी, कॅरम. सीसॉ ही वस्तू, तिच्यावर बसून खेळायचं. म्हणून 'वी प्लेड ऑन द सीसॉ'. झोक्यालाही तेच, 'ऑन द स्विंग'. घसरगुंडीचं वेगळं, तिथे 'वी वेंट डाउन द स्लाइड'. आणि 'स्लायडिंग' हे घसरगुंडीचं नाव नव्हे. निम्मं नाशिक बागेत 'चल स्लायडिंगवर' म्हणतं, बोलताना म्हणू द्या, पेपरात लिहू नका. स्लाइडचा भूतकाळ 'स्लिड', स्विंगचा 'स्वंग'.

खेळणी म्हणजे नेहमी 'टॉइज' नाही

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मोठी माणसंही करतात. मराठीत बाहुलीही खेळणं आणि उद्यानातली लोखंडी घसरगुंडीही खेळणं. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या रहिवाशांनी बागेच्या दुरुस्तीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. मसुद्यात होतं, 'ऑल टॉइज इन द गार्डन आर ब्रोकन.' मराठी माणसाला त्यात काही खटकणार नाही. पण इंग्रजीच जाणणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोडक्या मोटारी आणि बाहुल्या येतील. प्रत्यक्षात सीसॉची फळी एका टोकाला फाटून पत्रा वर आला होता आणि एका मुलाची मांडी कापली होती. गंभीर तक्रार एका शब्दाने हलकी झाली असती.

तिथे हवा 'प्लेग्राउंड इक्विपमेंट'. इथे लगेच पुढची चूक दबा धरून बसलेली असते, ती म्हणजे 'इक्विपमेंट्स'. या शब्दाला अनेकवचन नाही, जसं 'फर्निचर'ला नाही. एकच वस्तू सांगायची तर 'अ पीस ऑफ इक्विपमेंट' म्हणा, किंवा सरळ नाव घ्या: 'द सीसॉ इज ब्रोकन.' अर्जात मी हेच सुचवते. सीसॉ म्हटलं की कोणाला काही विचारावं लागत नाही.

'प्लेग्राउंड'बद्दलही सांगायला हवं. आपण शाळेच्या मोकळ्या मैदानाला ग्राउंड म्हणतो, आणि तिथे क्रिकेट चालतं. इंग्लंड-अमेरिकेतलं मूल 'प्लेग्राउंड' म्हणालं तर बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यांपुढे झोके आणि घसरगुंड्या असतात. इंग्लंडमध्ये 'गार्डन' म्हणजे घराभोवतीची बाग. सार्वजनिक बागेला 'पार्क' म्हटलं तर गैरसमज होत नाही.

नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेत उभा राहतो तो आकाशपाळणाही असाच फसवतो. पाळणा म्हणून 'क्रेडल' लिहिलं तर तान्ह्या बाळाचा पाळणा होतो. आपल्याकडे 'जायंट व्हील' रूढ आहे, ब्रिटनमध्ये 'बिग व्हील'. अमेरिकेत 'फेरिस व्हील' म्हणतात, कारण 1893 च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी तसं प्रचंड चाक उभारलं होतं.

कांद्याचा भाव कधी 'सीसॉ' करतो?

मोठ्या मुलांना हा शब्द बातम्यांत भेटतो. 'प्रायसेस सीसॉड' वाचून ते 'भाव पडले' असा अर्थ करतात. लासलगावचं उदाहरण दिलं की आमच्याकडच्या मुलांना पटकन कळतं, कारण निम्म्यांच्या मामाकडे कांदा असतो. सोमवारी भाव चढला, बुधवारी उतरला, शुक्रवारी परत चढला, तर तो 'सीसॉ' झाला. महिनाभर नुसता उतरतच गेला, तर नाही. फळीचं टोक खाली गेलं आणि तिथेच राहिलं, तर खेळ थांबला. मॅचलाही तोच न्याय: कधी हा संघ पुढे, कधी तो, तर ती सीसॉ मॅच. मनाचं सांगायचं तर दोन्ही टोकं सांगावी लागतात: 'बिट्वीन होप अँड फिअर', आशा आणि भीती यांच्यामध्ये.

त्या मुलीला मी हे सगळं एका दिवशी सांगितलं नाही. रविवारी तिला, तिच्या धाकट्या भावाला आणि वडिलांना कॉलनीच्या बागेत बोलावलं. फळी आता नवीन बसवली आहे. ती एका टोकाला, वडील दुसऱ्या टोकाला बसले, आणि ती वरच लटकली. विज्ञानाच्या पुस्तकात टेकू, भार, बल पाठ केलेलं होतं, पण फळीवर बसल्यावर आठवलं नाही. तिचं वजन 20 किलो, वडिलांचं 60. ती टेकूपासून दीड मीटरवर, म्हणजे वडिलांनी अर्ध्या मीटरवर यायला हवं. मी म्हटलं, सांग त्यांना, पण इंग्रजीत. ती वरूनच ओरडली, "पप्पा, मूव्ह टू द मिडल!" वडील सरकत सरकत टेकूजवळ आले. फळी आडवी झाली, मग हळूच तिच्या बाजूने खाली गेली.

सोमवारी वहीत वाक्य होतं: 'पापा अँड आय सीसॉड. माय ब्रदर सॉ अस.' दोन्ही 'सॉ' बरोबर होते.