जुन्या स्पोर्ट्स कारचे फेंडर घरच्या घरी रोल करायचे असतील तर

रुंद टायर टाकले, गाडी थोडी खाली घेतली आणि आता खड्ड्यात मागून घर्र आवाज येतो ना, तो फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आतली कड टायरला घासतेय म्हणून. ती कड आत वर दुमडायची, यालाच रोल करणं म्हणतात, बस.

पण आधी फडक्यात गुंडाळलेलं मॅग्नेट कडेवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे, आणि पुट्टी वाकत नाही, तडकते, मग पूर्ण पॅनेल रंगवायची तयारी ठेवा. गंज दिसला तर रोलिंग विसरा, आधी पत्रा बदला.

गाडी जॅक स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही म्हणजे नाही), चाक काढा, फेंडर रोलर (कड दाबून दुमडायचं हत्यार) हबला, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, बोल्ट करा. हीट गन सतत हलती ठेवून रंग इतका गरम करा की हात टेकवून ठेवता येणार नाही, पण फोड येता कामा नयेत. मग थोडं दाबा, फिरवा, परत गरम करा, परत थोडं दाबा. मी एकदा शेवटच्या फेरीत घाई केली, नखाएवढा तडा गेला, अजून दिसतो.

मागच्या फेंडरच्या कडेला बहुतेक गाड्यांत दोन पत्रे स्पॉट वेल्ड केलेले असतात, दुमडताना मधला सीलर (फट बुजवणारा लेप) फाटतो आणि पाणी तिथेच शिरतं. त्यामुळे वायर ब्रश, इपॉक्सी प्रायमर, नवा सीम सीलर, वर रंग, हे त्याच दिवशी उरका.