वहीतलं ‘झालं’

प्रोग्रॅमिंग शिकायचा माझा हा चौथा प्रयत्न. आधीचे तीन कुठल्या दिवशी मोडले ते मला नीट आठवतं, आणि त्यातला पहिला तर चक्क आनंदाचा दिवस होता. नोकरी सांभाळून आठवडाभर रोज तासभर बसले, एक प्रकरण संपवलं आणि ‘एवढं केलंय, आता दोन दिवस सुट्टी’ असं स्वतःला बक्षीस दिलं. त्या दोन दिवसांचे पाच आठवडे झाले.

दुसऱ्या खेपेला मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. ते रोजची हजेरी मोजायचं. 41 दिवस एकही खाडा नाही. 42व्या दिवशी ऑफिसचं काम रात्री साडेअकरापर्यंत लांबलं, सकाळी उठून बघते तर आकडा शून्य. मी अ‍ॅपच उडवलं. तिसऱ्या खेपेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कंटाळा आला.

म्हणून ‘छोटं छोटं यश साजरं करा, सवय आपोआप लागते’ असं कुणी नवशिक्याला सांगायला लागलं की मी जरा सावध होते. सल्ला खोटा नाही. पण साजरं नेमकं काय करायचं, कधी आणि किती, हे न सांगता दिला तर तो उलटतो. माझ्यावर उलटला होता.

सुट्टीचं गणित का फसलं, ते मला फार उशिरा कळलं. आयेलेट फिशबाख आणि रवी धर या दोन संशोधकांनी 2005 साली वजन कमी करू पाहणाऱ्या लोकांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना ‘आपली प्रगती बरी चाललीये’ असं वाटायला लावलं, त्यांनी पुढे सफरचंद आणि चॉकलेट यांतून चॉकलेट जास्त उचललं. प्रगती झाली म्हटली की मन लगेच सूट मागतं. मीही तेच केलं होतं: अभ्यासाचं बक्षीस म्हणून अभ्यासातूनच सुटका. जे शिकतोय त्यालाच सुट्टी देऊन साजरं करायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

चौथ्या खेपेला लॅपटॉपच्या डावीकडे एक जुनी, अर्धी वापरलेली वही ठेवली. वर एक पेन्सिल. बसणं संपलं की एक ओळ लिहायची आणि तिचा शेवट ‘झालं’ या शब्दाने करायचा, बस. पहिल्या आठवड्यातली एक ओळ अशी आहे (लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्रॅमचा तुकडा): ‘लूप चालवला. थांबेचना. अट उलटी लिहिली होती. झालं.’ दुसरी: ‘काही समजलं नाही, पण उदाहरण हाताने टाइप केलं. झालं.’ ओळ लिहून झाली की पेन्सिल वहीवर आपटायची आणि स्वतःशीच, पण ऐकू येईल असं, ‘शाब्बास’ म्हणायचं. पहिले चार दिवस मला स्वतःचीच लाज वाटली. घरच्यांना वाटलं मी फोनवर बोलतेय.

हा पोरकटपणा वाटेल, पण त्यातली वेळ महत्त्वाची आहे. सवयींचा अभ्यास करणारे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बी. जे. फॉग यांचं म्हणणं असं की कृती झाल्या झाल्या, त्याच क्षणी बरं वाटलं पाहिजे. रविवारी मिळणारं बक्षीस मंगळवारच्या कृतीला चिकटत नाही. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग हेच जरा खोलात जाऊन दाखवतात. रस मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या, डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. काही काळाने मात्र रसाआधी मिळणाऱ्या इशाऱ्यालाच त्या उसळायला लागल्या. आणि इशारा होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्या मंदावायच्या. माझ्या बाबतीत इशारा म्हणजे ती वही. दीड-दोन महिन्यांनी वही उघडतानाच थोडं बरं वाटायला लागलं होतं, लूप चालो न चालो.

आता कशाला ‘झालं’ म्हणायचं? नवशिक्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं. ते निकालाला यश म्हणतात: प्रकरण संपलं, परीक्षेत इतके गुण मिळाले, मुलाखत जमली. यातलं काहीच रोज घडत नाही, मग साजरं करायला महिनोन्‌महिने काही मिळतच नाही. मी यशाची पायरी इतकी खाली आणली की ती सांगायलाही संकोच वाटावा. लॅपटॉप उघडून कालचा प्रोग्रॅम एकदा चालवला, की त्या दिवसाचं ‘झालं’. त्यापुढे जे होईल ते वरकड. तासभर बसलेल्या दिवसाला आणि तीन मिनिटांच्या दिवसाला शब्द एकच. हे मुद्दाम केलं, कारण तासाला मोठा जल्लोष आणि तीन मिनिटांना छोटा असं केलं असतं तर तीन मिनिटांचे दिवस मी सोडूनच दिले असते.

किती दिवस हे चालवायचं? ‘नव्याचे नऊ दिवस’ हे तर आपल्याला माहीतच आहे. सवय लागायला 21 दिवस, असा जो आकडा सगळीकडे फिरतो, त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या लेखनात सापडतो. त्यांचं निरीक्षण होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. त्याचा अभ्यासाशी काय संबंध? फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 जणांना 12 आठवडे रोज एक साधी कृती करायला लावली. ती अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा 66 दिवस निघाला, पण अंदाजांची व्याप्ती 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होती. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे आधी वाचलं असतं तर 42व्या दिवशी अ‍ॅप उडवलं नसतं. माझ्या वहीत आता ओळी मोजत नाही. खाडा झाला तर जागा रिकामी सोडत नाही, पुढची ओळ तिथेच लिहिते.

मोठ्या बक्षिसांचं थोडक्यात सांगते. कोर्स संपला की हेडफोन घेईन असं ठरवलं होतं, तर लक्ष सगळं हेडफोनवर. धडे मी नुसते पुढे ढकलत होते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 साली छापलेल्या अभ्यासात, ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्रं काढल्याबद्दल प्रशस्तिपत्रक आधीच कबूल केलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक प्रशस्तिपत्रक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. आता स्वतःला स्वतःच्या नकळत बक्षीस कसं द्यायचं हा प्रश्न आहेच. मला तो सुटलेला नाही, हेडफोन मात्र मी असेच घेऊन टाकले.

नोकरीत या वहीचा उपयोग होईल असं डोक्यातही नव्हतं. पहिल्या वर्षी वार्षिक आढाव्यात साहेबांनी विचारलं, ‘वर्षभरात काय काय केलंत?’ मी गप्प. काम रोज केलं होतं, पण आठवत होत्या फक्त चुका. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी 7 कंपन्यांतल्या 238 जणांच्या जवळपास 12,000 रोजच्या नोंदी तपासल्या. चांगल्या गेलेल्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळा दिसलेली गोष्ट होती कामात थोडं पुढे सरकणं. मात्र मागे पडण्याचा घाव पुढे सरकण्याच्या आनंदापेक्षा खोल जातो, हेही त्यांना दिसलं. म्हणजे चुका लक्षात राहतात त्या आपोआप, पुढे सरकणं मात्र लिहून ठेवावं लागतं. मग मी वहीच्या मागच्या पानांवर दर शुक्रवारी ऑफिसातल्या दोन ओळी लिहायला लागले. ‘अहवालातली बेरीज जुळत नव्हती, कारण सापडलं. झालं.’ पुढच्या आढाव्याला वही घेऊनच गेले. पगारवाढ काही आभाळाला भिडली नाही, पण बोलायला 20 मिनिटं पुरली नाहीत.

तिसऱ्या महिन्यानंतर ‘शाब्बास’ म्हणणं आपोआप बंद पडलं. आधी वाटलं, झालं, मागचे पाढे पंचावन्न. पण बसणं सुटलं नव्हतं, फक्त त्याचं अप्रूप संपलं होतं. मग ‘शाब्बास’ मी नव्या, अजून अंगवळणी न पडलेल्या गोष्टीकडे वळवलं: दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचणं. ते अजून जड जातं, त्यामुळे पेन्सिल पुन्हा आपटायला लागली आहे. परवाची ओळ तीनच शब्दांची आहे: ‘ताप. उघडलं. झालं.’