लेदर सॅडल: निवडायची कशी, बसवायची कशी आणि तेलाच्या बाटलीपासून लांब कशी ठेवायची

लेदर सॅडल, म्हणजे सायकलची चामड्याची सीट, नवीन घेतली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हमखास सांगतं, "चांगलं तेल पाज तिला, रात्रभर मुरू दे, लोण्यासारखी होईल." माझ्या पाहण्यात या एका सल्ल्याने जेवढ्या सीट्स वाया गेल्यात तेवढ्या पावसानेही गेल्या नाहीत. मी स्वतः एक घालवली आहे, ती कशी ते पुढे सांगते, पण मुद्दा आत्ताच सांगून ठेवते. लेदर सॅडल टणकच राहायला हवी, फक्त तिच्यात तुमच्या बैठकीच्या हाडांपुरते दोन खळगे पडायला हवेत, आणि ते खळगे तेलाने पडत नाहीत, चालवून पडतात.

आधी ही सीट असते कशी ते समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. आत स्पंज नाही, जेल नाही, काही नाही. चार-पाच मिलिमीटर जाडीचं, झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं मागे लोखंडी कमानीवर आणि पुढे नाकाशी, म्हणजे सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकाशी, रिव्हेटने ठोकलेलं असतं आणि मधे झोळीसारखं अधांतरी ताणलेलं असतं. तुमचं सगळं वजन तो ताण झेलतो. ताण गेला की सीट गेली. बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रूक्सने १८६६ मध्ये घोड्यांचा साज आणि चामड्याच्या वस्तूंचा धंदा सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं, आणि घोड्याच्या साजावर काम केलेल्या माणसाला चामडं ताणून वजन कसं तोलायचं हे माहीत असणारच. आजही ढोबळ रचना तीच आहे.

निवडताना

रुंदी सोडून बाकी सगळं नंतर. नालीदार पुठ्ठा एका कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, सायकलवर जेवढे वाकता तेवढेच पुढे वाका, टाचा जरा उचला, अर्धा मिनिट थांबा आणि उठा. पुठ्ठ्यात दोन खड्डे दिसतील, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. आता इथे लोक चुकतात. कंपनी जी रुंदी सांगते ती मागच्या लोखंडी कमानीसकट असते, आणि कमानीवर बसायचं नसतं, तिच्या आतल्या चामड्यावर बसायचं असतं. हाडं कमानीवर आली तर ती सीट दहा हजार किलोमीटर चालवूनही बसणार नाही, लोखंडाला कुठे खळगे पडतात? मी माझ्या मापापेक्षा चार ते पाच सेंटीमीटर जास्त धरते. उदाहरण द्यायचं तर ब्रूक्सची बी-१७ साधारण १७५ मिलिमीटर रुंद आहे, तिचीच नॅरो १५१ च्या आसपास, आणि या दोघींमध्ये दिसायला फारसा फरक नसला तरी बसायला जमीन-अस्मानाचा आहे. बायकांसाठी म्हणून जी येते तिचं नाक आखूड असतं, रुंदी जवळपास तीच, त्यामुळे "लेडीज" लिहिलंय म्हणून रुंद असेल असं धरून चालू नका, माप बघा.

हँडल सीटच्या बऱ्याच खाली ठेवून, पार झोपून चालवत असाल तर लेदर सॅडल घेऊच नका. अर्धा किलोच्या आसपास वजन होतं आणि त्या पोझिशनमध्ये हाडांचा मागचा भाग सीटवर टेकतच नाही. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर-खाली असेल तर हिच्यासारखी सीट नाही. स्प्रिंगवाली हवी का, तर पाठ सरळ ठेवून चालवणाऱ्यांना हो, बाकीच्यांना नाही.

जुनी घेत असाल तर उलटी करून बघा. खालून चामड्याला भेगा असतील, रिव्हेटची भोकं लांबोळी झाली असतील किंवा नाकाखालच्या, चामड्याला ताण देणाऱ्या बोल्टचे आटे जवळजवळ संपेपर्यंत नट सरकलेला असेल तर वरून कितीही चकचकीत दिसली तरी सोडा. जिल बेर्तू या फ्रेंच कंपनीच्या सीट्सना रिव्हेटऐवजी स्क्रू असतात आणि वरचं चामडं बदलता येतं, त्यामुळे तिथे मामला वेगळा आहे.

बसवताना

उंची नेहमीसारखी लावा, आणि चामडं बसलं की काही मिलिमीटर खाली जातं म्हणून महिना-दोन महिन्यांनी परत तपासा. या सीट्सच्या रेल्सचा, म्हणजे सीटखालच्या दोन लोखंडी दांड्यांचा, सरळ भाग आखूड असतो, सीट हवी तेवढी मागे जात नाही, सेटबॅकवाला, म्हणजे सीट मागे धरणारा, सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) बहुतेकांना लागतोच.

कोन मात्र डोकं लावून करायचं काम आहे. साध्या सीटवर लेव्हल ठेवून सपाट केलं की झालं. इथे तुम्ही बसलात की मधलं चामडं दबतं, नाक आणि मागची कमान आहे तिथेच राहतात, आणि जी सीट मोकळी असताना सपाट होती ती वजन पडल्यावर पुढे ढकलायला लागते. ओळखायचं कसं? वीस किलोमीटरनंतर तळहात दुखायला लागले, खांदे आखडले, दर दोन मिनिटांनी मागे सरकावं लागतंय, तर नाक खाली आहे. सगळे म्हणतात चामडं कडक आहे म्हणून त्रास होतोय, आणि प्रत्यक्षात बिचारी सीट फक्त दोन अंशांनी चुकलेली असते. मी नाक दोन-तीन अंश वर ठेवते. एका बोल्टचे सीटपोस्ट बऱ्याचदा दात्यांचे असतात, एक दाता सरकवला की कोन एकदम जास्त बदलतो आणि हवा तो मधला कोन मिळतच नाही, म्हणून पुढे-मागे दोन बोल्ट असलेला सीटपोस्ट घ्या. एका वेळी अर्धा फेरा फिरवा, पाना खिशात ठेवून निघा, रस्त्यात थांबून बदला.

पहिले हजार किलोमीटर

आता माझ्या पहिल्या सीटची गोष्ट. दोन आठवडे दुखलं, धीर सुटला, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून मी ती काढून उलटी केली, खालच्या खरबरीत बाजूला वाटीभर तेल ओतलं आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी अंगठ्याने दाबली तर अंगठा आत जात होता. पहिली राईड इतकी सुखाची झाली की मी ते तेलाचं चार जणांना सांगितलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तीन महिन्यांत मधोमध घळ पडली. दोन्ही बाजूंच्या पाळ्या बाहेर फाकल्या आणि मांड्यांना आतून घासायला लागल्या. मधला भाग खाली गेल्यामुळे वजन हाडांवरून सुटून मधल्या नाजूक जागेवर यायला लागलं आणि तासाभरात बधिरपणा. मग नाकाखालचा नट आवळला. दोन दिवस बरं वाटलं, परत सैल. परत आवळला. तेल प्यायलेलं चामडं ताणलं की लांबतच जातं, ते थांबत नाही, आणि मला हे कळेपर्यंत नट बराच पुढे गेला होता. शेवटी एका २०० किलोमीटरच्या राईडला १४० वर असताना खाली टक्क असा आवाज आला, उतरून बघितलं तर नाकाजवळच्या रिव्हेटच्या भोकापासून चामडं अर्धा इंच चिरलेलं. उरलेले ६० किलोमीटर मी कधी उभ्याने तर कधी सीटच्या एका कडेवर टेकून काढले.

म्हणून हात जोडून सांगते, तेल नाही. खोबरेल नाही, एरंडेल नाही, बुटांचं नाही, घोड्याच्या साजाला लावतात ते तर अजिबात नाही, कारण ते चामडं लवचीक करण्यासाठीच बनवलेलं असतं आणि इथे नेमकं तेच नको असतं. पाण्यात भिजवून चालवा असंही काही जण सांगतात. ओलं चामडं झटकन आकार घेतं हे खरं, पण त्याच झटक्यात सैलही पडतं.

लावायचं ते सीटसाठीचं घट्ट मेण. ब्रूक्सच्या सीटला त्यांचं प्रूफाईड, दुसऱ्या कंपनीची असेल तर ती कंपनी सांगेल ते. प्रूफाईडमध्ये चरबी असते, मधमाशांचं मेण असतं, कॉड माशाचं तेलही असतं पण थोडं. नवीन सीटला वरून बोटाने वाटाण्याएवढं घेऊन पातळ थर, खालच्या खरबरीत बाजूला त्याहून जरा जास्त, रात्रभर ठेवा आणि सकाळी सुक्या फडक्याने वरचा थर घासून चमकवा. पहिल्या दोन महिन्यांत असं दोन-तीनदा पुरे. नंतर वर्षातून दोनदा. फडक्याला चिकट लागतंय म्हणजे जास्त झालंय. घासायचा कंटाळा केलात तर फिकट रंगाच्या कपड्यांना डाग पडतील, नवीन सीटचा रंग पहिले काही आठवडे तसाही लागतो.

आणि चालवायचं. सुरुवातीला २०-३० किलोमीटर, दिवसाआड, मग हळूहळू ५० आणि पुढे. नवी वहाण घालून कोणी लांबच्या प्रवासाला निघत नाही, तसं नव्या सॅडलवर २०० ची राईड करायची नाही. माझी आत्ताची सीट साधारण ९०० किलोमीटरला बसली, एका मैत्रिणीची ४०० लाच, वजन आणि चामड्याची जाडी यावर आहे सगळं. बसायला लागली की उजेडात तिरकं बघा, दोन पुसट, जरा गडद, तळहातापेक्षा लहान चकत्या दिसतील. त्या दिसल्या की निम्मं काम झालं. त्या डाव्या-उजव्या सारख्या नसतील, माझी उजवी जास्त खोल आहे, त्याने काही बिघडत नाही.

या काळात कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठलं नाही हे नीट समजून घ्या, कारण "सवय होईल" म्हणत लोक भलतंच सोसतात. हाडांच्या खाली मुका मार लागल्यासारखं दुखणं, दाबल्यावर जाणवणारं, दोन दिवसांत कमी होणारं, हे चालेल. बधिरपणा, मुंग्या, जळजळ, एकाच जागी कातडी सोलणं, हे अजिबात चालणार नाही. बधिर होतंय म्हणजे नस दबतेय, ती कितीही किलोमीटर केले तरी दबणारच. थांबा, कोन बघा, उंची बघा, नाही जमलं तर रुंदी चुकली आहे हे मान्य करा आणि सीट बदला. जाड जेलची शॉर्ट्स घालून यावर मात करायला जाऊ नका. हाडं आणि चामडं यांच्यामध्ये गादी आली की खळगे पडायला दुप्पट वेळ लागतो.

नट

पहिले सहा महिने नटाला हात लावू नका. नंतर अंगठ्याने मधे जोरात दाबून बघा, आधीपेक्षा स्पष्ट जास्त दबत असेल तरच सीटबरोबर आलेल्या पान्याने पाव फेरा, आणि परत शंभरेक किलोमीटर चालवून मगच पुढचं. वर्षाला अर्ध्या फेऱ्याहून जास्त लागत असेल तर बिघाड दुसरीकडे आहे. सेले अनाटोमिका या कंपनीच्या मधे चीर असलेल्या सीट्स याला अपवाद, त्यांचं चामडं मुळातच जास्त देतं आणि ताण अधूनमधून द्यावाच लागतो. पाळ्या फाकल्या असतील तर आवळण्याआधी दोन्ही बाजूंना खाली भोकं पाडून नाडीने एकमेकींकडे ओढून बांधा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

पाऊस

मडगार्ड लावा. वरून पडणाऱ्या पावसाची सगळ्यांना काळजी असते, पण मागच्या चाकाने उडवलेलं पाणी खालच्या कच्च्या बाजूवर बसतं आणि तिथून चामडं ते पितं. सीटखाली एक कव्हर कायम कोंबून ठेवा, गाडीच्या मागे सायकल बांधून नेताना तर आठवणीने घाला. भिजलीच तर शक्यतो तिच्यावर बसू नका, ओल्या चामड्यावर शंभर किलोमीटर म्हणजे वर्षभराची झीज. सावलीत, वाऱ्यावर, आपोआप सुकू द्या, एक-दोन दिवस लागतील. ऊन, हीटर, हेअर ड्रायर यातलं काहीही वापरलंत तर कडा वळतात आणि भेगा पडतात. पूर्ण सुकल्यावरच मेण. ओली सीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली की पांढरी बुरशी येते, आली तर बाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा आणि हवेशीर ठेवा.

करकर आवाज यायला लागला की लोक आधी चामड्यावर संशय घेतात. आधी सीटपोस्टवर रेल्स धरणारा क्लॅम्प उघडा, रेल्स पुसा, किंचित ग्रीस लावून परत आवळा. तरीही आवाज राहिला तर नाकाखाली जिथे लोखंड चामड्याला घासतं तिथे त्याच मेणाचा एक ठिपका.