मोरचूद सोडून क्लोरीनकडे वळताना हौदाचे पाणी नितळ कसे करावे

कोल्हापूर परिसरात बोअरच्या पाण्याने भरलेल्या पोहण्याच्या हौदात शेवाळ धरू नये म्हणून वर्षानुवर्षे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकला जात असेल, तर क्लोरीनची पहिली मात्रा पडताच पाणी चहासारखे तांबूस किंवा हिरवट होऊ शकते. यात क्लोरीन खराब निघाले असे नसून, पाण्यात विरघळलेल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन गंज तयार झालेला असतो. पारदर्शक हिरवी छटा मात्र बहुधा तांब्याची असते.

म्हणून आधी पांढऱ्या बादलीत हौदाचे पाणी घेऊन चिमूटभर क्लोरीन टाकावे आणि रंग पाहावा. पाणी तांबूस झाले, तर पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) ७.२ ते ७.६ दरम्यान आणून सूर्यास्तानंतर क्लोरीन द्यावे, कारण उन्हात ते झपाट्याने उडते. ५०,००० लिटरमध्ये क्लोरीन ५ पीपीएम (लिटरमागे ५ मिलिग्रॅम) वाढवायला ६५ टक्के क्लोरीनची पावडर सुमारे ३८५ ग्रॅम लागते. ती बादलीतील पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी कधीही ओतू नये. आम्लाचा डबा तर जवळही नसावा.

त्यानंतर तुरटी फिरवून, पंप बंद ठेवून, रात्रभर गाळ बसू द्यावा. सकाळी तळाशी पसरलेला तपकिरी थर फिल्टरमधून न नेता थेट बाहेर सोडावा. इथे पाण्याची काटकसर महागात पडते. छटा हिरवी असेल, तर तांबे काढायला तुरटीचा भरवसा नाही. थोडे पाणी बदलणेच बरे. क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर येऊन तळ स्पष्ट दिसेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.