उठावाच्या अक्षरांच्या जुन्या पेय-बाटल्यांचा इतिहास कसा शोधावा

जुन्या सोड्याच्या किंवा बिअरच्या बाटलीवर काचेतच उमटवलेले नाव दिसले की ते बाटली बनवणाऱ्याचे असावे, असे आपण सहज धरून चालतो. बहुतेक वेळा हा समज चुकीचा असतो. अंगावरचे ठळक नाव सहसा पेय भरून विकणाऱ्याचे असते, तर काच कारखान्याची खूण बुडावर किंवा बुडाजवळच्या कडेला बारीक अक्षरांत असते. या दोघांच्या नोंदी निरनिराळ्या ठिकाणी सापडतात, म्हणून ही नावे पहिल्यापासून वेगळी लिहून ठेवावीत.

पहिले काम वाचनाचे. बाटली कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने स्वच्छ करावी. एकदम गरम पाणी घातल्यास जुनी काच तडकू शकते. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडते. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवल्यास ठसा मिळतो. मजकूर जसा आहे तसाच उतरवावा. साच्यात अक्षरे उलटी कोरावी लागत, त्यामुळे एखादे अक्षर उलटे उमटलेले किंवा नावाचे स्पेलिंग चुकलेले आढळते. अशी चूक सुधारून लिहू नये, कारण त्याच साच्यातून निघालेली दुसरी बाटली ओळखण्यास तीच उपयोगी पडते. अक्षरांभोवती वर्तुळाची किंवा चौकटीची पुसट रेघ असेल, तर साच्यात नावाची पट्टी बदलून बसवलेली होती असे समजावे. या सोयीमुळे लहान गावातल्या सोडा भरणाऱ्यालाही पूर्ण नवा साचा न करवता स्वतःच्या नावाची बाटली मिळत असे.

दुसरे काम बाटलीची घडण पाहण्याचे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. नाव दिशा दाखवते, पण काळाची मर्यादा घडण ठरवते. साच्याच्या दोन भागांची शिवण गळ्यावरून चढत थेट तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल, तर बाटली यंत्रावर बनलेली आणि बहुधा विसाव्या शतकातील असते. मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास अमेरिकेत आले. त्या यंत्राच्या बाटल्यांच्या बुडावर अनेकदा एक वेडीवाकडी गोल वळी दिसते. शिवण तोंडाच्या खालीच विरत असेल, तर तोंड हाताने घडवलेले आहे. बुडावर बाटली धरण्यासाठी चिकटवलेला लोखंडी दांडा तोडल्याचा खरखरीत व्रण असल्यास अमेरिकी बाटली साधारणपणे १८६५ च्या आधीची मानता येते.

बूच बसवण्याची पद्धतही बोलकी असते. गळ्यात काचेची गोटी असलेली बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यांची. त्यांचे पेटंट १८७० च्या दशकाच्या आरंभीचे. तारेच्या फासाने आतून वर ओढून बसणारे हचिन्सन बूच १८७९ चे, तर पत्र्याचे दातेरी झाकण विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पेटंट केले. अर्थात नवे झाकण आल्यावर जुनी पद्धत लगेच बंद पडली नाही. म्हणून या वर्षांवरून ‘याच्या आधीची नाही’ एवढेच ठरते. फिकट जांभळ्या रंगाबाबत मात्र सावध राहावे. मँगनीज घातलेली रंगहीन काच उन्हाने हळूहळू जांभळी होते हे खरे, पण किरणोत्साराने मुद्दाम गडद केलेल्या बाटल्याही बाजारात येतात.

काचेवर छापलेले वर्ष हे बाटलीचे वर्ष समजू नये. कोका-कोलाच्या वळणदार बाटलीवरील १६ नोव्हेंबर १९१५ आणि २५ डिसेंबर १९२३ या तारखा पेटंटच्या आहेत. दुसरी तारीख असलेल्या बाटल्या १९३० च्या दशकातही बनत होत्या. काही बाटल्यांवर तर व्यवसायाच्या स्थापनेचे वर्ष असते. अमेरिकी बाटलीवर आतील पेयाचे माप उमटवलेले असेल, तर ती बहुधा १९१३ नंतरची असते, कारण त्या वर्षीच्या कायदादुरुस्तीने माप लिहिणे आवश्यक झाले. ब्रिटिश वस्तूंवरील चौकोनी हिऱ्याच्या आकाराची नोंदणी-खूण १८४२ ते १८८३ या काळातील असून १८८४ पासून तिच्या जागी क्रमांक आला.

आता कागदपत्रांकडे वळावे. ज्या शहराचे नाव बाटलीवर आहे, त्या शहराच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या (व्यावसायिकांच्या नाव-पत्त्यांची पुस्तके) वर्षावर्षाने पाहाव्यात आणि नाव, पत्ता व भागीदार यांचा तक्ता करावा. भागीदार बदलला की बाटलीवरचे नावही बहुधा बदलते, म्हणून ‘आणि मुलगे’ एवढी भर किंवा एका आद्याक्षराचा फरकही काळ अरुंद करतो. ब्रिटनमधील भागीदारी मोडल्याच्या आणि दिवाळखोरीच्या सूचना लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात मिळतात. अमेरिकी शहरांसाठी सॅनबॉर्न कंपनीच्या आगविम्याच्या नकाशांवर कारखान्याची इमारतही दिसू शकते. जुन्या वर्तमानपत्रांत केवळ जाहिराती शोधू नयेत. दुसऱ्याच्या नावाच्या बाटल्या भरल्याबद्दलचे खटले, लिलाव आणि आगीच्या बातम्या यांतून जाहिरातींपेक्षा अधिक हाती लागते.

समजा, डिरेक्टरीनुसार एखादा व्यावसायिक १८८८ ते १८९५ पर्यंतच त्या पत्त्यावर होता, पण त्याच्या बाटलीची शिवण तोंडाच्या कडेवरून जाते. तेव्हा घडणीचा पुरावा बाजूला सारू नये. त्याच नावाचा वारस किंवा नंतर नाव विकत घेतलेला दुसरा व्यावसायिक होता का, हे पुढील वर्षांच्या डिरेक्टऱ्यांत पाहावे. बाटली जमिनीत सापडली असेल, तर सोबतच्या वस्तूंवरून ती फेकल्याचा काळ कळतो, बनवल्याचा नव्हे, कारण परत घेऊन धुतलेल्या बाटल्या पुन्हापुन्हा भरल्या जात; या दोन तारखा नोंदवहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.