सातवा सरताना: बाळाची हालचाल ओळखण्याची आणि स्वतःला जपण्याची रीत

घरातली मोठी माणसे महिने मोजतात, तर डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. त्यामुळे 'सातवा लागला' आणि 'सातवा भरला' यांत घोळ होतो. आपल्या फाइलवर आठवड्यांचा आकडा लिहून घ्यावा आणि पुढचे सारे त्यावरूनच पाहावे. २८ आठवडे पूर्ण झाले की गरोदरपणाचा शेवटचा टप्पा सुरू होतो. डोहाळजेवणाची गडबड बहुतेक घरांत याच सुमारास असते.

या वेळी बाळाचे वजन साधारण एक किलो असते आणि ३२व्या आठवड्यापर्यंत ते पावणेदोन किलोच्या आसपास पोहोचते. आतापर्यंत मिटलेल्या पापण्या उघडू लागतात आणि आईचा आवाज बाळाला ऐकू येतो. मेंदूवर वळ्या पडू लागतात, त्वचेखाली चरबी साठते. हाडे घट्ट होत जातात, मात्र प्रसूतीच्या वाटेतून येता यावे म्हणून कवटीची हाडे एकमेकांना जोडली जात नाहीत. फुप्फुसांना अजून वेळ हवा असतो. श्वास सोडल्यावर फुप्फुसातील बारीक पिशव्या मिटून जाऊ नयेत यासाठी लागणारा द्रव याच आठवड्यांत हळूहळू वाढतो. म्हणूनच वेळेआधी प्रसूतीची शक्यता दिसली, तर डॉक्टर आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. ती बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात, त्यांना घाबरून नकार देऊ नये. 'सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही' हे अनेक घरांत अजूनही बोलले जाते, पण ते खरे नाही. पोटात नीट वाढणाऱ्या बाळासाठी तेथे काढलेला प्रत्येक आठवडा लाभाचाच असतो.

या टप्प्यात आईने शिकण्याची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आपल्या बाळाची हालचाल ओळखणे. दिवसातून एकदा, शक्यतो रोज त्याच वेळी, जेवणानंतर कुशीवर निवांत पडावे, मोबाइल बाजूला ठेवावा आणि लाथ, ढुशी, वळणे अशी प्रत्येक हालचाल मोजावी. उचकी मोजू नये. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत. बहुतेक वेळा त्या त्याआधीच पूर्ण होतात. मात्र आकड्याहून महत्त्वाची असते ती बाळाची नेहमीची सवय. एखादे बाळ रात्री दहानंतर जागे होते, एखादे दुपारी. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर लाथा मंद जाणवतात, म्हणून जावेच्या किंवा मैत्रिणीच्या अनुभवाशी तुलना करण्यात अर्थ नसतो. दिवस भरत आले की जागा कमी पडते आणि बाळ शांत होते, ही समजूत धोक्याची आहे: हालचालीचा प्रकार बदलेल, लाथांऐवजी वळणे जास्त जाणवतील, पण हालचाल कमी होता कामा नये. ती कमी वाटली तर गोड खाऊन किंवा थंड पाणी पिऊन 'उद्या सकाळपर्यंत पाहू' असे म्हणू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. तपासणीत सारे ठीक निघाले तर ती फेरी वाया गेली असे मुळीच समजू नये.

आईच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण आता चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेले असते आणि वाढते गर्भाशय छातीच्या पडद्यावर दाब देते, त्यामुळे स्टेशनचा पूल चढताना धाप लागणे स्वाभाविक आहे. बसल्या जागी किंवा झोपल्यावर दम लागत असेल, तर मात्र ते स्वाभाविक मानू नये. छातीत जळजळ होत असेल तर थोडे थोडे, अनेकदा खावे; बाळंतपण सोपे व्हावे म्हणून मुद्दाम कमी खाणे चुकीचे आहे. झोपताना कुशीवर झोपावे, कारण पाठीवर झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर येतो. मधेच पाठीवर जाग आली तर घाबरण्याचे कारण नाही, पुन्हा कुशीवर वळावे. पोट मधूनच कडक होऊन पुन्हा सैल पडणे हा गर्भाशयाचा सराव असतो. विश्रांती घेतल्यावर तो थांबतो. स्तनांतून थोडा चीक येऊ लागला तरी तो पिळून काढू नये.

लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान दोन तास दूर ठेवावी. शौचाचा रंग काळा झाला म्हणून गोळ्या बंद करू नयेत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टरांना उपाय विचारावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर २८व्या आठवड्याच्या सुमारास घ्यायच्या अँटी-डी इंजेक्शनची (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) आठवण आपणच करून द्यावी. साखरेची तपासणी राहून गेली असेल तर तीही आता करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते.

संध्याकाळी पाय थोडे सुजणे नेहमीचे असते. परंतु चेहरा व हात अचानक सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे किंवा रक्तदाब १४०/९० वा त्याहून जास्त असणे, यांपैकी काहीही असले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. रक्तस्राव, पाणी जाणे, ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, तळहात-तळपायांना रात्री सुटणारी तीव्र खाज यांनाही हेच लागू आहे.

नोकरीला जाणाऱ्या स्त्रियांनी लोकलच्या गर्दीच्या वेळा टाळाव्यात, आणि धावती गाडी पकडण्याचा मोह पूर्णपणे सोडावा. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या रजेपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. त्यांचा हिशेब आताच मांडावा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचे असेल तर सोनोग्राफीसह सारे कागद बरोबर न्यावेत आणि तेथील डॉक्टरांकडे आधीच नाव नोंदवावे. नाव नोंदवताना नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे स्पष्ट विचारावे. तारीख पावसाळ्यातली असेल आणि रुग्णालय मुंबईत परळ-दादरकडे असेल, तर तिथल्या सखल हिंदमाता परिसरात पाणी भरल्यावर कोणत्या रस्त्याने जायचे हे घरच्यांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून ठेवावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा आणि रक्तगटाच्या कागदाचा फोटो पतीकडे व आईकडेही असावा.